आधी दिवस ठरव, मग दारं चिकटव

अगं, तू मिग-२१चं किट घेतलंस हे कळलं आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नकोस. आपल्या घरात भरतकामाला कला म्हणतात आणि याला खेळणं म्हणतील, ते सोडून दे. मी तुझ्याशी कामाचं बोलणार आहे. तुला ते उडतं करायचंय: चाकं आत, दारं बंद, आत वैमानिक, खाली एक सळई. छानच. पण त्याचं कारण तू दिलंस ना, की चाकं, टायर आणि ते नाजूक पाय रंगवायचा व्याप वाचतो, ते मात्र मनातून काढून टाक.

चाकांवर उभं असलेलं मॉडेल कपाटात ठेवलं की त्याचं पोट झाकलं जातं. खालचा सांधा थोडा ओबडधोबड राहिला, एखादं डिकल तिरकं बसलं, तरी कुणाच्या नजरेला पडत नाही. उडतं विमान सळईवर, डोळ्यांच्या उंचीला आणि बहुतेक वेळा एका कुशीवर कललेलं असतं. घरी आलेला माणूस वाकून पहिल्यांदा त्याचं पोटच बघतो. चाकांचं काम वाचलं खरं, पण पोटाचं काम दुप्पट झालं. हे पटत असेल तरच पुढं वाच.

पटलं? मग ऐक. गोंदाची बाटली उघडायच्या आधी एक विमान ठरव, एक दिवस ठरव, आणि त्या दिवसातला एक क्षण ठरव. ‘आपल्या वायुदलाचं मिग’ एवढं मोघम चालणार नाही. कुठलं मिग, कधीचं, आणि त्या क्षणी ते करतंय काय? एवढं ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पंखाखाली काय टांगायचं, रंग कुठला, नंबर कुठला, मळ किती, कुठल्या कुशीवर कलायचं, सगळ्याचं उत्तर तो दिवस देतो. नाही ठरवलं, तर प्रत्येक पायरीवर तू अडणार आणि शेवटी जे हाताला लागेल ते चिकटवणार.

आता मिग-२१ला दिवसांचा काय तोटा! १९६३ साली ते आपल्याकडं आलं, चंदीगडला, २८ स्क्वाड्रनमध्ये. पुढच्याच वर्षी आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि पुढं तिथं ही विमानं तयार व्हायला लागली. भारतात बनलेली मिग-२१ सहाशेच्या वर आहेत. म्हणजे ज्याला लोक रशियन विमान म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा आपल्या महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हातून गेलेला आहे. आधी एफएल, मग एम, मग बिस, आणि शेवटी त्याच बिसची सुधारलेली आवृत्ती, बायसन. साधारण सव्वाशे विमानं बायसन झाली, तीही जवळजवळ सगळी ओझरलाच. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणारी मिग होती, ती एफएल. तो दिवस फार मोठा आहे, पण तुझ्या किटमधून तो निघणार नाही, कारण तुझं किट बिसचं आहे. पाठीचा फुगवटाच वेगळा. दिवस आणि किट यांचं जमायला पाहिजे, हे आधीच बघून घे. नाहीतर लग्न ठरवून मग पत्रिका बघायची वेळ येते.

मला विचारशील तर मी तुला दोन दिवस सुचवते. दोन्ही बायसनचे.

पहिला १९ फेब्रुवारी २०१८. जामनगर. फ्लाइंग ऑफिसर अवनी चतुर्वेदीनं मिग-२१ बायसन एकटीनं उडवलं. भारतातली लढाऊ विमान एकटीनं उडवणारी पहिली बाई. त्याआधी १८ जून २०१६ला ती, भावना कांत आणि मोहना सिंग अशा तिघी एकत्र वायुदलात लढाऊ शाखेत दाखल झाल्या होत्या. आणि यातली गंमत सांगू? किटमधला जो वैमानिकाचा पुतळा असतो, त्याला हेल्मेट असतं, काळी काच असते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो. त्यात बाई आहे की पुरुष, कुणालाही कळत नाही. म्हणजे तुला वेगळा पुतळा शोधायची गरजच नाही. तो जसा आहे तसा बसव आणि खालच्या पाटीवर तारीख लिही.

दुसरा २६ सप्टेंबर २०२५. पुन्हा चंदीगड. बासष्ट वर्षांच्या नोकरीनंतर मिग-२१ निवृत्त झालं. शेवटची विमानं २३ स्क्वाड्रनची, पँथर्सची. हवाईदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी त्या दिवशी स्वतः मिग उडवलं, आणि स्क्वाड्रन लीडर प्रिया शर्माही त्या उड्डाणात होत्या. या दिवसाचे फोटो आणि व्हिडिओ ढिगानं आहेत, वरून, खालून, बाजूनं. नवख्या हाताला हे फार सोयीचं. म्हणून माझा कल या दुसऱ्या दिवसाकडं आहे, पण मन तुझं पहिल्यावर बसलं तर मी मुळीच अडवणार नाही.

घरात कुणीतरी म्हणेलच, ‘ते सारखं पडणारं विमान का?’ त्यावर वाद घालू नकोस. पडलं, खूप पडलं, त्यात कितीतरी तरुण पोरं गेली. आणि त्याच विमानावर दोन-तीन पिढ्यांचे वैमानिक शिकलेही. दोन्ही खरं आहे.

आता दारांकडं वळू. किट बनवणारे लोक गृहीत धरतात की तू विमान चाकांवरच उभं करणार. म्हणून चाकांच्या खोबणीची दारं सुटी देतात, आणि ती उघडी लावायच्या बेतानं केलेली असतात. बंद करायला गेलीस की एक दार किंचित आत जातं, दुसरं किंचित वर राहतं. काही किटमध्ये दार उघड्या जागेपेक्षा केसभर लहानच असतं. यावर उपाय असा: चाकाची खोबणी जोडूच नकोस, किंवा जोडलीस तर कापून खोल कर. आतल्या कडेनं प्लास्टिकच्या पट्टीचे बारीक तुकडे चिकटव, म्हणजे दाराला टेकायला जागा होईल. मग दार गोंद न लावता बसवून बघ, कडा पॉलिश पेपरवर घास, पुन्हा बसव, पुन्हा घास. दार आजूबाजूच्या पत्र्याच्या पातळीत आलं, बोट फिरवल्यावर पायरी लागली नाही, की मगच पातळ गोंद सोड.

फट राहिली तर लांबी भर, पण इथं एक सांभाळ. दाराची कड ही खऱ्या विमानावरही दिसणारी रेघ आहे. फट बुजवायच्या नादात ती रेघच गुळगुळीत करून टाकलीस तर दार नाहीसंच होईल आणि पोट बटाट्यागत दिसायला लागेल. लांबी वाळली की सुईच्या टोकानं, पट्टीचा आधार घेऊन ती रेघ हलक्या हातानं पुन्हा कोर. एका दमात खोल जाऊ नकोस, तीन-चारदा अलगद ओढ.

नाकापाशी दोन गोष्टी आहेत. हवा ओढायच्या तोंडात जो शंकू असतो, तो वेगाप्रमाणं पुढं-मागं होतो, आवाजाच्या वेगापलीकडं गेल्यावर बाहेर येतो. निरोपाच्या उड्डाणात विमान गर्दीवरून सावकाश गेलं, तेव्हा शंकू आत ठेव. दुसरं, पंखाच्या पुढं अंगावर हवेची छोटी जादा झडप असते, ती जमिनीवर इंजिन चालू असताना उघडते. उडत्या विमानात ती बंद. किट कधीकधी ती उघडी देतं, म्हणून बघून घे. आणि नाकावरची ती लांब दांडी, वेग मोजायची, ती प्लास्टिकची ठेवलीस तर झाडलोट करताना पहिल्या आठवड्यात मोडेल. केमिस्टकडून दोन वेगवेगळ्या जाडीच्या इंजेक्शनच्या सुया आण, एकीत एक बसव. टोक चिमट्यानं तोडताना डोळ्यांवर चष्मा ठेव, तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. आणि दांडी अगदी शेवटी लाव, डिकल-बिकल सगळं झाल्यावर.

बायसनची पुढची काच साध्या बिसपेक्षा वेगळी आहे. बिसला पट्ट्यांच्या चौकटीची काच, बायसनला मध्ये पट्टी नसलेली सलग. बदलायची काच वेगळी विकत मिळते. मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर चौकटीच्या पट्ट्या पॉलिश पेपरच्या बारीक बारीक नंबरांनी घासून काढता येतात, पण वेळ लागतो. एवढं करायचं नसेल तर बायसन न करता साधं बिस कर आणि त्या काळातला दिवस शोध, मी काही म्हणणार नाही. पण काच चिकटवायला फेव्हिक्विक वापरू नकोस, हे मात्र माझं ऐकच. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी पसरते आणि आतला वैमानिक धुक्यात गेल्यासारखा दिसतो. साधा पांढरा फेव्हिकॉल लाव, टूथपिकच्या टोकानं. वाळला की दिसतही नाही, आणि चुकलं तर पाण्यानं निघतो.

सळई. ही दिवसाच्या मागोमाग ठरवायची गोष्ट आणि लोक सगळ्यात शेवटी ठरवतात. धड जोडायच्या आधीच आत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा बसव, त्यात पितळेची नळी घट्ट चिकटव, आणि त्या नळीत बसेल अशी सळई घे. मागच्या धुराड्यातून सळई घातली तर भोक लपतं, पण विमान फक्त वर चढतानाच दाखवता येतं आणि सगळा तोल शेपटीवर येतो. पोटातून घातली तर हवं तसं कलवता येतं. माझं मत पोटाचं. तोल बघायला पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोल, जिथं ते स्थिर राहतं त्याच्या आसपास भोक पाड. सळईसाठी आणि बैठकीसाठी ऑनलाइन काही मागवू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जा. तिथं लेथवाले दिवसभर मोटारीचे आणि पंपांचे सुटे भाग कातत असतात, तुझी वीतभर पितळी सळई हा त्यांचा पाच मिनिटांचा खेळ. नळीचा तुकडा सोबत ने, ‘यात सरकून बसली पाहिजे, हलायला नको’ एवढंच सांग. बैठकीला सागवानाचा जाड तुकडा, सळईचं भोक तिरकं, तेही त्यांच्याकडूनच पाडून घे.

या सळईचा एक फायदा कुणी सांगत नाही. ती बसवलीस की रंगवताना आणि डिकल लावताना तीच तुझी मूठ होते. विमानाच्या अंगाला बोट लागत नाही. उलटं कर, फिरव, वाळायला थर्माकोलात खोचून ठेव. चाकांवरचं मॉडेल करणाऱ्याला ही चैन नसते.

उडतं विमान कसं कलतं ते बघायचं असेल तर उजळाईवाडीला विमानतळाच्या बाहेर रस्त्यावर थांब. राजाराम महाराजांच्या काळातलं ते विमानतळ. उतरणारी-चढणारी विमानं प्रवासी असतात, लढाऊ नाहीत, पण चढल्यावर चाकं किती लवकर आत जातात आणि वळताना कुठला पंख खाली जातो, ते डोळ्यांनी बघितलेलं असलं की हात चुकत नाही. आणि गोव्याला गेलात की समुद्रावरून अर्धा दिवस चोरून वास्कोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. १९९८ साली सुरू झालेलं. तिथं सी हॅरिअर आहे, सी हॉक आहे. खाली वाकून पोटाचे फोटो काढ: दारांच्या कडा, स्क्रूची डोकी, बारीक अक्षरं, तेलाचे डाग. आजूबाजूचे लोक तुझ्याकडं बघतील, बघू देत.

रंगाचं मी थोडक्यात सांगते, कारण तुझा हात चांगला आहे. बायसन राखाडी. खऱ्या रंगापेक्षा किंचित फिका घे, लहान वस्तूवर रंग गडद वाटतो. एअरब्रश घ्यायच्या आधी जून-जुलैत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात एक चक्कर मार. गणपतींचं रंगकाम चालू असतं. तिथली पोरं स्प्रे गन कशी धरतात ते बघ: फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो, अंगावरून जातो आणि बाहेरच संपतो. अंगावर कधी थांबत नाही, म्हणून ओघळ येत नाही. तेवढं एक शिकलीस तरी पुरे. पण त्या दिवसांत तू स्वतः मात्र रंग मारू नकोस. आपल्याकडच्या पावसाळी हवेत चकचकीत क्लिअरचा थर दुधाळ पडतो, मग कितीही घास. पावसाळ्यात कापाकापी आणि जोडणी कर, दारं बसव, लांबी भर. रंग दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. आणि खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून. थिनरचा वास आईला आवडत नाही म्हणून नव्हे, तुझ्या फुप्फुसांसाठी.

आता डिकल. इथं मी सावकाश सांगणार आहे, कारण मॉडेल इथंच बनतं नाहीतर बिघडतं.

डिकल म्हणजे अतिशय पातळ पापुद्रा, मागं पाण्यात सुटणारा गोंद. तो पापुद्रा खडबडीत, मॅट रंगावर लावला की खाली हवा अडकते आणि प्रकाश पडला की अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते. मग लांबूनही कळतं की हे स्टिकर आहे. म्हणून आधी चकचकीत क्लिअर, एक दिवस वाळू दे, बोट फिरवल्यावर काचेसारखं लागलं पाहिजे. डिकल त्यावर. मॅट सगळ्यात शेवटी.

किटमध्ये दोन-चार देशांच्या खुणा असतात. ज्या तुला लागणार नाहीत, त्या फेकू नकोस. रंगवलेल्या जुन्या डब्याच्या झाकणावर त्यांनी सराव कर. प्रत्येक कंपनीचा पापुद्रा वेगळा वागतो, कुणाचा जाड, कुणाचा हात लागताच फाटतो. आपल्या वायुदलाच्या गोलाला हात लावायच्या आधी ते कळलेलं बरं. तुझ्या किटमध्ये भारताच्या खुणा नसतील तर डिकलांचा वेगळा पत्रा मागव. घरच्या प्रिंटरवर छापायचा मोह होईल, पण साधा प्रिंटर पांढरा रंग छापू शकत नाही. आपल्या गोलात केशरीच्या आत पांढरा आणि मध्ये हिरवा असतो, तो पांढरा मग मागच्या राखाडीत विरून जातो. छापायचंच असेल तर पांढऱ्या डिकल कागदावर छाप आणि कडा काटेकोर काप. विकतच्या पत्र्यावरही आधी भिंगातून बघ: तिन्ही रंग एकाच मध्यबिंदूवर आहेत ना? छपाई सरकलेली असेल तर पांढरी चकती एका बाजूला जाड दिसते आणि डोळा पहिल्यांदा तिथंच जातो. तसा पत्रा परत कर, उगाच भिडेखातर ठेवू नकोस.

पत्रा जुना असेल, पिवळट पडला असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून काचेच्या खिडकीला आतून चिकटव. एप्रिल-मेचं आपलं ऊन काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरवतं. जुना पापुद्रा पाण्यात पडताच तुकडे होतील अशी शंका असली तर आधी वरून क्लिअरचा एक हात मार.

पाणी नळाचं नको. वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आण, गॅरेजात मिळतं. ते कोमट कर. डिकल कात्रीनं अक्षराच्या अगदी जवळून काप, भोवतीचा रिकामा पापुद्रा जितका कमी तितकी कड कमी दिसते. चिमट्यानं धरून पाण्यात बुडव, दहा-पंधरा सेकंद, आणि बाहेर काढून ओल्या टिश्यूवर ठेव. पाण्यातच तरंगू दिलंस तर गोंद धुऊन जातो. मिनिटभरात बोटानं हलकेच ढकलून बघ. सरकायला लागलं की तयार. विमानावर जिथं बसवायचं तिथं आधी पाण्याचा एक थेंब ठेव, कागद जवळ टेकव आणि ओल्या कुंचल्यानं डिकल कागदावरून सरकवून अंगावर घे. चिमट्यानं उचलून ठेवायला जाऊ नकोस, घडी पडली की संपलं.

थेंब आहे तोवर ते तरंगतं, तेव्हाच जागा पक्की कर. पंखावरचा गोल सरळ आहे की वाकडा, हे गोलाला विचारून कळत नाही. पत्र्यांच्या रेघांवरून माप घे, हवी तर मास्किंग टेपची बारीक पट्टी आधी लावून ठेव. दुसऱ्या पंखावरचा गोल पहिल्याच्या मापानं. मग कुंचल्यानं कडेचं पाणी शोषून घे आणि इअरबड मधून बाहेर असा फिरव, घासू नकोस, लाटण्यासारखा गडगडव.

आता सॉफ्टनर. बाटलीतलं ते पाण्यासारखं द्रव एका हातानं लाव आणि दुसरा हात मांडीखाली दाबून बस, इतकं मी सांगते. कारण मिनिटभरात डिकल दुधावरच्या सायीगत सुरकुततं आणि पोटात गोळा येतो. हात लावायचा नाही. ते मऊ होऊन पत्र्याच्या रेघांत उतरतंय. अर्ध्या तासानं तेच सपाट होतं आणि रंगवल्यासारखं दिसतं. रात्रभर ठेव. सकाळी कुठं बुडबुडा राहिला असेल तर बारीक सुईनं टोच आणि तिथं पुन्हा एक थेंब.

तुझ्या विमानाचं पोट बंद आहे हे विसरू नकोस. उभ्या मॉडेलला दारं उघडी असतात, तिथं खूण तुटक असते. तुझ्याकडं पंखाखालची खूण दाराच्या कडेवरून जात असेल तर ती वाळल्यावर नव्या ब्लेडनं त्या रेघेवर अलगद चीर दे आणि पुन्हा सॉफ्टनर लाव. म्हणजे डिकल रेघेत बसेल आणि दार दार वाटेल. उडत्या पोझमध्ये ही एक चीर जितकं काम करते तितकं दुसरं काही करत नाही.

नंबर. आपल्या विमानांच्या नंबरांची अक्षरं ठरलेली असतात: सुखोई-३०ला एसबी, मिराजला केएफ, जग्वारला जेएस, तेजसला एलए, आणि बायसनला सीयू. पत्र्यावर सुटे अंक असतील तर ज्या विमानाचा दिवस निवडलास, त्याच विमानाचा नंबर जुळव. वायुदलाच्या शेपटीवरच्या तीन रंगांच्या पट्ट्या आणि नंबर यांची बाजू आणि क्रम डावीकडचा-उजवीकडचा दोन्ही फोटो बघून ठरव, अंदाजानं नको. बारीक सूचनांची डिकलं, ‘इथं पाय ठेवू नका’ छापाची, पुष्कळ असतात. ती एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नकोस. एका दिवशी डावा पंख, दुसऱ्या दिवशी उजवा. डोळे दमले की अंक उलटा लागतो.

सगळं झालं की ओल्या मऊ फडक्यानं गोंदाचे डाग पूस, वर चकचकीत क्लिअरचा पातळ हात, मग मळ, मग मॅट. मळाचं एकच सांगते. उभ्या विमानावर पाण्याचे ओघळ खाली येतात. उडणाऱ्या विमानावर तेलाच्या आणि धुराच्या रेघा मागं जातात, वाऱ्याच्या दिशेनं, नाकाकडून शेपटीकडं. तुझ्या विमानावर एकही ओघळ खाली नको. आणि धुराड्यातून कापूस लावून आगीची ज्योत करायची कल्पना कुणी देईल, हसून नाही म्हण. निरोपाच्या उड्डाणाला ती ज्योत शोभतही नाही.

कलवायचं किती? थोडंच. वीस-पंचवीस अंश पुष्कळ होतात. नाक जरासं वर. मिगचे त्रिकोणी पंख सावकाश उडताना नाक वर ठेवूनच उडतात, तेवढ्यानं जीव येतो. ठेवताना काचेच्या पेटीत ठेव, पंख्याखाली नको, दोरीनं टांगायचं तर मुळीच नको, वाऱ्यानं फिरून नाकाची सुई भिंतीला लागते.

सुखोईचं किट आत्ताच घेऊ नकोस. १:४८च्या मापात मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १५ सेंटिमीटर भरतात, सुखोईचे त्याच्या दुप्पट. हात बसू दे, मग बघू. आणि यातलं कुठलंही सामान घेताना दुकानदार ‘भावासाठी का?’ असं विचारेल. ‘माझ्यासाठी’ म्हण आणि पावती स्वतःच्या नावानं घे.

तू दिवस कुठला ठरवलास ते मला या रविवारपर्यंत कळव. आणि पहिला गोल लावायच्या आधी दोन्ही बाजूंचे आणि पोटाचे फोटो पाठव, मी बघितल्याशिवाय सॉफ्टनरची बाटली उघडायची नाही.